नवव्या वर्षाची बॅटरी : हायब्रिड गाड्यांतल्या वीजसाठ्याचा आढावा

मुदखेड-आदिलाबाद मार्गावर नांदेड जिल्ह्यातल्या किनवटला येणाऱ्या आगगाड्या कित्येक वर्षं डिझेल इंजिनांनी ओढल्या. फलाटावरून बघणाऱ्याला वाटायचं, डिझेल जळतं आणि चाकं फिरतात. प्रत्यक्षात मधे सगळा विजेचा कारभार असतो. डिझेलवर जनित्र फिरतं, त्याची वीज आसांवरच्या मोटारींना जाते आणि त्या मोटारी चाकं फिरवतात. उतारावर चालकाने डायनॅमिक ब्रेक लावला की त्याच मोटारी उलट वीज तयार करू लागतात. ही वीज जाते कुठे? इंजिनात रोधकांच्या जाळ्या असतात, त्या तापतात आणि पंखा ती उष्णता टपावरून हवेत फेकतो. मोटार आहे, जनित्र आहे, ब्रेक मारताना वीजही होते. नाही ती एकच गोष्ट, ती वीज ठेवायची जागा.

हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असलेल्या गाडीची सगळी कथा या जागेची आहे. इंजिन शंभर वर्षांपूर्वीचं, मोटार त्याहून जुनी. १९०० च्या सुमारास फर्डिनांड पोर्शे याने पेट्रोल इंजिन, जनित्र आणि चाकातल्या मोटारी एकत्र करून गाडी चालवूनही दाखवली होती. तिच्यात शिसं-आम्लाची बॅटरी होती आणि तिच्या वजनाने गाडी बेजार होती. पुढे १९९७ मध्ये टोयोटाची प्रियस जपानात विक्रीला आली तोवर हा प्रकार अडून राहिला, तो मुख्यतः साठ्यापायी.

या विषयावरचे बहुतेक लेख नव्याकोऱ्या बॅटरीबद्दल असतात : किलोला किती वीज मावते, किती मिनिटांत भरते. किनवट, माहूर, हिमायतनगर या पट्ट्यात गाडी येते ती मात्र बहुधा सेकंडहँड. पुण्यात, हैदराबादेत किंवा नांदेडात सात-आठ वर्षं पळालेली. टोयोटा आपल्या हायब्रिड बॅटरीला भारतात ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते. म्हणजे हमी संपते आणि गाडी आपल्याकडे येते. म्हणून इथे प्रत्येक साधनाला विचारायचा प्रश्न तोच : नवव्या वर्षी तुझं काय?

आधी थोडा हिशेब, कारण तो केल्याशिवाय या साधनांतला फरक कळत नाही. माणसांसकट दीड टन भरणारी गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. ती पूर्ण थांबवली तर तिच्या वेगातली ऊर्जा सुमारे ०.०६ युनिट भरते. अगदीच किरकोळ. पण ती सहा सेकंदांत थांबवली तर तेवढ्या वेळापुरता सरासरी ३५ किलोवॅटचा लोंढा येतो. शेतातले पाच एचपीचे नऊ पंप एकदम चालू करावेत, तेवढा. हायब्रिडच्या साठ्याचं दुखणं हे आहे. माल थोडा, पण तो येतो धाडकन आणि पुढच्या क्षणी गाडी उचलायला तसाच धाडकन परत द्यावा लागतो. नुसत्या विजेवर चालणाऱ्या गाडीला मोठी टाकी लागते. हायब्रिडला लहान टाकी आणि रुंद तोटी.

मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या २०२२ मध्ये आलेल्या जुळ्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड (थोडं अंतर नुसत्या विजेवरही चालणाऱ्या) आवृत्तीत लिथियम-आयन बॅटरी आहे, ती जेमतेम ०.७६ युनिटची, १७७.६ व्होल्टची. वर सांगितल्यासारखे तेरा ब्रेक मारले की भरेल, तेही ती आधी पूर्ण रिकामी असली तर. ती तशी कधीच नसते. गाडीचा संगणक तिला तळही गाठू देत नाही आणि काठोकाठही भरू देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवतो. तिच्या दीर्घायुष्याचं निम्मं गुपित यात आहे. घाटात मात्र याचा तोटा दिसतो. दीड टनाची गाडी २०० मीटर उंची उतरली तर ०.८ युनिट ऊर्जा सुटते, म्हणजे आख्ख्या बॅटरीहून जास्त. माहूरकडच्या वळणांवर लांब उतार लागला की बॅटरी अर्ध्यातच भरते आणि पुढचं काम इंजिनाच्या ओढीवर आणि साध्या ब्रेकपट्ट्यांवर येतं.

आता एकेक साधन.

शिसं-आम्लाची बॅटरी आपल्या घरची. फ्रान्सच्या प्लांतेने १८५९ मध्ये ती केली आणि अजून ती प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली, प्रत्येक इन्व्हर्टरखाली बसलेली आहे. तिची नस गावातल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला माहीत आहे : डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता बघायची, टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावायचं. एखादा सेल बसला तर तेही तो सांगतो. किलोला ३०-४० वॅट-तास एवढीच तिची ऐपत आणि वरचेवर खोलवर रिकामी केली तर तिची तब्येत बिघडते. तरी भारतातल्या 'हायब्रिड' नावाच्या पहिल्या लाटेत तीच होती. २०१५ मध्ये मारुतीने सियाझला जी सौम्य हायब्रिड जोड दिली तिचा साठा शिसं-आम्लाचाच होता. २०१८ मध्ये तिच्याबरोबर लहान लिथियम बॅटरी आली. यामाहाची २०२१ ची फसिनो हायब्रिड स्कूटर तर नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच उचल घेताना क्षणभर मदत करते. अशा गाडीला हायब्रिड म्हणणं मला जरा जास्तच वाटतं. सिग्नलला इंजिन बंद करणं आणि निघताना हलका धक्का देणं याला पूर्वी आपण चांगला सेल्फ म्हटलं असतं. सरकारलाही तसंच वाटलं असावं. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना अनुदान देणाऱ्या फेम योजनेतून सौम्य हायब्रिडचं अनुदान १ एप्रिल २०१७ पासून बंद झालं. मात्र नवव्या वर्षाच्या प्रश्नाला शिशाचं उत्तर सगळ्यात सरळ आहे : नवव्या वर्षापर्यंत दोन-तीन बदलून झालेल्या असतात, जुनी वजनावर विकलेली असते आणि त्या पैशात नवीवर सूट मिळालेली असते.

निकेल-मेटल हायड्राइड हे नाव लांबलचक, पण हायब्रिड जगात सर्वात जास्त उन्हाळे-पावसाळे पाहिलेली ही बॅटरी. पहिल्या प्रियसमध्ये हीच, १९९९ च्या होंडा इनसाइटमध्ये हीच, २०१३ मध्ये भारतात आलेल्या कॅमरी हायब्रिडमध्ये हीच आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या इनोव्हा हायक्रॉसमध्येही हीच. किलोला ६०-८० वॅट-तास म्हणजे लिथियमच्या निम्मंही नाही. मग टोयोटासारखी कंपनी एवढ्या महागड्या गाडीत ती अजून का घालते? कारण हायब्रिडला टाकी मोठी नको आहे. ही बॅटरी लोंढा सोसते, हाताळणीत थोडी चूक झाली तरी पेट घेत नाही आणि तिचा पंचवीस वर्षांचा इतिहास हाताशी आहे. टोयोटाने २०२१ मध्ये जपानच्या ॲक्वा गाडीत हिचीच द्विध्रुवी रचना आणली. पत्रे एकावर एक असे रचले की विजेचा रस्ता आखूड होतो आणि तोटी आणखी रुंद होते. हिची दोन दुखणी आहेत. गाडी नुसती उभी राहिली तरी ती हळूहळू रिकामी होते, आणि ४५ अंशांच्या वर ती चार्ज नीट घेत नाही. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पारा ४२-४४ वर असतो. उन्हात उभ्या गाडीच्या आत काय असेल ते वेगळं सांगायला नको. सहा महिने पुण्याला मुलाकडे राहायला जाणाऱ्याने हायब्रिड दारात झाकून ठेवून जाऊ नये. कुणाला तरी किल्ली देऊन ती अधूनमधून चालवायला सांगावी.

लिथियम-आयनबद्दल इतकं छापून येतं की इथे थोडक्यात भागेल. सोनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली, २०१९ मध्ये तिच्या तीन जनकांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. किलोला १५० ते २५० वॅट-तास, वजन कमी. पण लिथियम हे एका बॅटरीचं नाव नव्हे, खानदानाचं आहे आणि त्यातली भावंडं स्वभावाने फार वेगळी आहेत. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली दमदार पण तापट. लोह-फॉस्फेटवाली थंड डोक्याची, वजनाने थोडी जड. आणि तिसरी, जिच्याकडे माझ्या मते आपण पुरेसं लक्ष देत नाही, ती टायटॅनेटवाली. हिच्यात ऋण बाजूला ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटॅनेट असतं. साठा कमी, प्रत्येक सेलचा दाबही कमी, साधारण २.३ व्होल्ट. बदल्यात ती झपाट्याने भरते, आग लागण्याची भीती फार कमी आणि हजारो वेळा भरली-रिकामी केली तरी दमत नाही. तोशिबाने ही वाट धरली. सुझुकी, तोशिबा आणि डेन्सो यांनी २०१७ मध्ये गुजरातेतल्या हांसलपूरसाठी भागीदारी केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे हायब्रिड बॅटरीचे इलेक्ट्रोड देशातच बनवायला सुरुवात झाली. उन्हाळा आणि नववं वर्ष या दोन्ही कसोट्यांवर मला विचाराल तर हायब्रिडसाठी मी हिच्यावर पैज लावेन.

उष्णतेचा मुद्दा इथे थांबून नीट बघायला हवा. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी चढलं की वेग दुपटीच्या घरात जातो. बॅटरी म्हातारी होणं हीसुद्धा रासायनिक क्रियाच. कंपनीने २५ अंशांवर मोजलेलं आयुष्य किनवटकडच्या बोधडी-इस्लापूरच्या रस्त्यावर तसंच्या तसं मिळणार नाही. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला पाण्याची व्यवस्था नसते. एक छोटा पंखा आतली एसीची हवा ओढून बॅटरीवरून फिरवतो. ती हवा घ्यायची जाळी मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला असते, तळहाताएवढी, आणि तिच्यामागे बारीक फिल्टर. मागे बसणाऱ्याची पिशवी, गोधडी नेमकी तिच्यावरच येते. आपला मुलूख कापसाचा. दिवाळीनंतर रस्त्याने कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की हवेत तंतू असतात, आणि त्यात रस्त्याची धूळ मिसळली की त्या फिल्टरवर नमद्यासारखा थर बसतो. पंखा फिरत राहतो, हवा जात नाही, बॅटरी आतल्या आत शिजते. गाडी काही बोलत नाही, फक्त ॲव्हरेज घटत जातं, आणि मालक पेट्रोलपंपाला दोष देतो. तो फिल्टर काढून झटकायला पाच मिनिटं लागतात. सर्व्हिसिंगच्या वेळी तो काढला का, हे आपण होऊन विचारावं लागतं.

सुपरकपॅसिटर ही या घरातली सर्वात चपळ चीज. बॅटरीत वीज रसायनाच्या रूपाने बसते, इथे ती कार्बनसारख्या सच्छिद्र पदार्थाच्या पृष्ठभागावर नुसती चिकटते. रसायन बदलत नाही म्हणून झीजही जवळजवळ नाही. दहा लाख फेऱ्या हा आकडा इथे अतिशयोक्ती ठरत नाही. साठा मात्र किलोला ५ ते १० वॅट-तास. आपल्या हिशेबातला एक ब्रेक सामावायला दहा-पंधरा किलोचा कपॅसिटर हवा. एक ब्रेक, बस्स. पण तो लोंढा तो पुरता गिळतो, जे लहान बॅटरीला जमत नाही. शांघायमध्ये २००६ पासून अशा बस धावल्या. थांब्यावर उतारू चढेपर्यंत भरून घेत. माझदाने २०१२ मध्ये गाड्यांत ब्रेकची वीज धरायला तो वापरला. आणि या विषयावर मराठी मुलखातलं काम थोडंथोडकं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे यांनी साध्या रासायनिक पद्धतीने धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर बसवून कपॅसिटरचे इलेक्ट्रोड करण्याची एक परंपराच उभी केली. महागडी निर्वात यंत्रणा नको. काचेचं चंचुपात्र, द्रावण, ठरलेलं तापमान आणि धीर. याच वाटेवरचं संशोधन नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रा. राजाराम माने यांनी केलं. लोखंडे आणि माने यांचा रासायनिक पद्धतीने बसवलेल्या पातळ थरांवरचा २००० सालचा संयुक्त आढावा जगभर वाचला जातो. म्हणजे नांदेड या नकाशावर आहे. चंचुपात्रातून गाडीच्या डिकीपर्यंतचा रस्ता मात्र अजून तयार झालेला नाही, आणि तो विद्यापीठाने एकट्याने करायचाही नसतो.

वीज सोडून इतर मार्गांनीही ऊर्जा ठेवता येते. जड चाक जोरात फिरवत ठेवायचं, हा एक. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये अशी जायरोबस धावली, आणि २०१२ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ऑडीत ब्रेकची ऊर्जा फिरत्या चाकातच साठवली जात होती. दुसरा मार्ग तेल दाबून नायट्रोजनची टाकी आकसवण्याचा. सतत थांबणाऱ्या कचरागाड्यांना तो शोभतो. दाबलेल्या हवेवर गाडी चालवायचा करार टाटा मोटर्सने फ्रान्सच्या एमडीआय कंपनीबरोबर २००७ मध्ये केला होता. ती गाडी रस्त्यावर दिसली नाही.

महाराष्ट्रात झालेल्या प्रयत्नांत मला सर्वात जवळचा वाटतो तो पुण्याचा 'रेव्होलो'. केपीआयटी या कंपनीने २०१० मध्ये भारत फोर्जबरोबर तो जाहीर केला. नवी गाडी घेऊच नका. आहे त्या गाडीच्या इंजिनाला मोटारीची जोड द्या, डिकीत बॅटरी बसवा आणि घरी प्लगला लावून भरा. जुन्या गाड्यांच्या मुलखासाठी याहून समंजस कल्पना नाही. ती बाजारात मूळ धरू शकली नाही. जुन्या गाडीला जोड बसवण्याचे नियम नीट आखले गेले ते २०१६ मध्ये, आणि तोवर बॅटरीचं वजन, किंमत आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीची हमी जाण्याची धास्ती या तिन्हींनी आपलं काम केलं होतं. टाटा मोटर्सने २०१८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला वांद्रे-कुर्ला संकुलासाठी २५ हायब्रिड बस दिल्या. बस हे हायब्रिडचं खरं क्षेत्र आहे : १४ टनांची भरलेली बस ताशी ६० वरून थांबली की अर्धा युनिट ऊर्जा वाया जाते, दर थांब्याला. पण अनुदान आणि धोरण नंतर सरळ पूर्ण विजेच्या बसकडे वळलं. एसटीनेही १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' सुरू केली ती पूर्ण विजेचीच.

इथे माझं धोरणकर्त्यांशी थोडं भांडण आहे. किनवटहून नांदेड जवळपास दीडशे किलोमीटर. मधे जंगल, आडवळणं, आणि गावागावांत विजेचा भरवसा सारखा नाही. या अंतरावर विजेची बस चालवायची तर दोन्ही टोकांना चार्जिंग हवं. गावोगाव थांबणारी काळी-पिवळी जीप तर हायब्रिडसाठीच जन्मलेली : दर दोन किलोमीटरला हात दिसतो, ब्रेक लागतो, पुन्हा पहिला गिअर. तिच्यासाठी कुणीच हायब्रिड बनवत नाही. मिळतात त्या हायब्रिड बारा-पंधरा लाखांच्या पुढच्या आणि सुसाट महामार्गावर, जिथे ब्रेकच लागत नाही, तिथे त्यांचा फायदा आटतो. करही तसाच. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी या गाड्यांवर उपकरासह ४३ टक्के होता, आता मोठ्या हायब्रिडवर ४० आणि छोट्या पेट्रोल हायब्रिडवर १८ टक्के. पूर्ण विजेच्या गाडीवर ५. छोट्या हायब्रिडला सवलत मिळाली खरी, फक्त चार मीटरच्या आतली स्ट्राँग हायब्रिड गाडी बाजारात असायला हवी.

पुढचं चित्र मराठवाड्याच्या दृष्टीने मात्र बदलतं आहे. ३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, छत्रपती संभाजीनगरजवळ सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा. तिथे विजेच्या आणि हायब्रिड गाड्या होणार आहेत. पुण्यात आयसर ही विज्ञानसंस्था आणि केपीआयटी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. सोडियम मिठातून मिळतो, लिथियमसाठी परदेशाकडे बघावं लागत नाही. साठा थोडा कमी, पण हायब्रिडला तो कमीच लागतो हे आपण पाहिलं. हायड्रोजनच्या गाड्यांनाही हा विषय चुकत नाही. २०२२ मध्ये पुण्यात दाखवलेल्या, हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटाच्या बससारख्या गाड्यांतही बॅटरी लागतेच, कारण इंधनघट एका चालीने चालतो आणि अचानक उचल देण्यात तो संथ असतो.

राहिला तो दुरुस्तीचा आणि भंगाराचा भाग, आणि आपल्याकडे तोच मोठा आहे. दोनशे व्होल्टची नारिंगी केबल ही १२ व्होल्टवर हात बसलेल्या मिस्त्रीने सहज सोडायची गोष्ट नाही. आधी रबरी हातमोजे घालायचे, मग सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटरमधली वीज उतरेपर्यंत थांबायचं; हे शिकवणारा वर्ग तालुक्याच्या आयटीआयपर्यंत यायला हवा, आणि तो गाड्यांच्या आधी यायला हवा. जुन्या बॅटरीची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकणारे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. शिशाला भंगारबाजारात भाव आहे म्हणून शिसं परत जातं. फुगलेल्या लिथियम सेलचा भाव किनवटच्या भंगारवाल्याला विचारून बघा, तो घ्यायलाच नको म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे.

तोवर जुनी हायब्रिड बघायला जाणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकत बसू नये. हमीची तारीख बघावी. कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या प्रत्येक गटाचा व्होल्टेज अहवाल मागावा. गटागटांत तफावत असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडावी किंवा परत फिरावं. गाडी लांबच्या रस्त्यावर चालवून, एक उतार उतरून बघावी, आणि मागच्या सीटखालची जाळी स्वतः वाकून उघडावी.